नवा क्लच बसवूनही गाडी स्लिप होते: गिअर बॉक्स पुन्हा उतरवण्यापूर्वी काय तपासावे

क्लचचा नवा सेट बसवला, बिल भरले, गाडी शहरात व्यवस्थित चालली, आणि चौघांना घेऊन वाघबीळपासून पन्हाळ्याचा चढ लागताच इंजिनचा आवाज वाढत राहिला, टॅकोमीटरचा काटा वर गेला, पण गाडीचा वेग काही वाढला नाही. ही तक्रार कोल्हापुरात वारंवार ऐकू येते. पुढे बहुधा असे घडते की ‘सेटच खराब निघाला’ असे ठरवून गिअर बॉक्स पुन्हा उतरवला जातो, दुसरा सेट बसतो आणि काही दिवसांनी त्याच चढावर तीच तक्रार पुन्हा उभी राहते. नव्या सेटमध्ये दोष असूच शकत नाही, असे माझे म्हणणे नाही. परंतु तो निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा, कारण नवा क्लच स्लिप होण्याची कारणे पुष्कळदा सेटच्या खोक्याबाहेर सापडतात. ती पेडलमध्ये आणि केबलमध्ये असतात, हायड्रॉलिक नळीत असतात, गळक्या ऑइल सीलमध्ये असतात आणि अनेकदा फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनला जोडलेल्या ज्या जड चकतीवर क्लच प्लेट टेकते तिच्यात, असतात. ती शोधल्याशिवाय बसवलेला दुसरा सेटही पहिल्याच्याच वाटेने जातो.

प्रथम गाडी खरोखर स्लिप होते आहे का, याची खात्री करून घ्यावी. सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० ते ५० किलोमीटरच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. क्लच धरत असेल तर इंजिनच्या फेऱ्या आणि गाडीचा वेग एकमेकांच्या प्रमाणातच वाढतात. फेऱ्या एकदम उसळल्या आणि वेग मागे राहिला, तर क्लच स्लिप होतो आहे. दुसरी चाचणी उभ्या गाडीवर करता येते. हँडब्रेक घट्ट ओढून, पुढे मोकळी जागा आहे हे पाहून, चौथा गिअर टाकावा आणि फेऱ्या दीड हजारांच्या आसपास ठेवून क्लच सोडावा. इंजिन तत्काळ बंद पडले पाहिजे. ते रखडत चालू राहिले, तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी एकदाच आणि दोन-तीन सेकंदांपुरतीच करावी, कारण तेवढ्या वेळातही प्लेटवरचे घर्षणाचे अस्तर, म्हणजे लायनिंग, चांगलेच तापते. गॅरेजमध्ये चार जणांनी आळीपाळीने ती करून पाहिल्यामुळे धड असलेली प्लेटही जळू शकते.

काही तक्रारी मुळात क्लचच्या नसतात. पावसाळ्यात ओल्या चढावर पुढची चाके जागीच फिरतात, तेव्हाही फेऱ्या उसळतात आणि वेग वाढत नाही. एअर फिल्टर तुंबल्याने किंवा टर्बोची नळी सैल झाल्याने गाडी ओढत नाही. पण अशा वेळी फेऱ्याही वाढत नाहीत, आणि हाच फरक लक्षात ठेवावा.

क्लच किती ताकद पेलू शकतो, हे प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या दाबावर, लायनिंगच्या घर्षणावर, प्लेटच्या व्यासावर आणि प्लेटच्या दोन्ही बाजू पृष्ठभागाला नीट टेकतात की नाही यावर ठरते. नवा क्लच इंजिनच्या कमाल टॉर्कपेक्षा (फिरवण्याच्या जोरापेक्षा) बरेच जास्त पेलेल, असाच बनवलेला असतो. म्हणून घर्षण किंवा दाब थोडा कमी झाला, तरी शहरातल्या हलक्या चालवण्यात काहीच जाणवत नाही. इंजिन पूर्ण टॉर्क देते आणि गाडीवर चढाचा भार असतो, तेव्हाच उणीव उघडी पडते. आपल्याकडे अनेक गाड्यांत वापरल्या गेलेल्या १.३ लिटर डिझेल इंजिनाचेच उदाहरण घ्या. त्याचे ७५ अश्वशक्तीचे रूप १९० न्यूटन-मीटर टॉर्क देते आणि तो २००० फेऱ्यांनाच मिळतो. घाटात तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये इंजिन नेमके त्याच फेऱ्यांवर असते. त्यामुळे ताराराणी चौक ते रंकाळा अशी शहरातली चक्कर मारून ‘आता गाडी ठीक आहे’ असा निर्वाळा देणे क्लचच्या बाबतीत पुरेसे नाही.

स्लिप नेमकी केव्हापासून होते?

मेस्त्रींनी गाडीमालकाला विचारायचा आणि मालकाने स्वतः आठवून सांगायचा सर्वांत उपयोगी प्रश्न हाच आहे. काम झाल्या दिवसापासूनच स्लिप होत असेल, तर चूक जोडणीत, केबलच्या ताणात किंवा भागांच्या निवडीत शोधावी. आधी ठीक होते आणि काहीशे किलोमीटरनंतर सुरू झाले, तर पेडलचा फ्री प्ले (सुरुवातीचा मोकळा प्रवास) संपला असावा किंवा प्लेटवर तेल येत असावे. गाडी थंड असताना ठीक चालते आणि अर्ध्या-पाऊण तासाने घसरू लागते, तर हायड्रॉलिक यंत्रणेवर पहिला संशय घ्यावा. गाडी काही महिने उत्तम चालली आणि लायनिंग पुष्कळ शिल्लक असतानाच घसरू लागली, तर फ्लायव्हील किंवा न बदललेली जुनी प्रेशर प्लेट, यांपैकी एकात कारण असण्याची शक्यता मोठी असते. या उत्तराने गिअर बॉक्स उतरवायचा की नाही, हे पुष्कळ वेळा आधीच ठरते.

पेडल आणि केबल

केबलच्या गाडीत, म्हणजे पेडलचा जोर तारेने क्लचपर्यंत पोचतो अशा गाडीत, पेडल हाताने हळू दाबून पाहावे. सुरुवातीचा थोडा प्रवास हलका, जवळपास विनाविरोध झाला पाहिजे आणि त्यानंतर स्प्रिंगचा जोर जाणवला पाहिजे. हा हलका प्रवास म्हणजेच फ्री प्ले. बहुतेक लहान गाड्यांत तो पेडलवर साधारण १० ते २५ मिलिमीटर असतो; मात्र आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण मानावा. फ्री प्ले अजिबात नसेल, तर पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटमधल्या डायफ्राम स्प्रिंगच्या पाकळ्यांवर सतत टेकून राहते आणि आपला पाय पेडलवर नसतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहतो. काही गाड्यांत बेअरिंग सतत हलके टेकलेले असावे अशीच रचना असते आणि केबल स्वतःच ताण जुळवून घेते. तेथे हा नियम लागू होत नाही, म्हणून रचना आधी ओळखावी.

नवीन कामानंतर येथे एक विशिष्ट चूक होते. प्लेट झिजत जाते, तसतशा डायफ्रामच्या पाकळ्यांची टोके गिअर बॉक्सकडे सरकतात आणि फ्री प्ले कमी होत जातो. नवी प्लेट बसली की ही टोके पुन्हा इंजिनकडे जातात आणि जुन्या जुळणीवर पेडल फार सैल लागते. गिअर नीट पडत नाहीत, म्हणून मेस्त्री केबल आवळतात. ती बेताने आवळली तर योग्यच आहे; पण मालकाला पेडल ‘वर’ आणि ‘कडक’ हवे असते, म्हणून फ्री प्ले पार संपेपर्यंत ती आवळली जाते. शिवाय नव्या लायनिंगवरचे उंचवटे पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये बसतात. बसवताना जेमतेम ठेवलेला फ्री प्लेसुद्धा त्यामुळे पुढे नाहीसा होतो. ‘गॅरेजमधून आणली तेव्हा ठीक होती, नंतर घसरू लागली’ या तक्रारीमागे हे कारण असेल, तर दुरुस्तीला केबलचे नट सैल करण्यापलीकडे काहीच लागत नाही आणि गिअर बॉक्सला हात लावावा लागत नाही.

त्याच वेळी केबल हाताने ओढून आणि सोडून पाहावी. आतली तार गंजलेली असेल किंवा केबल एक्झॉस्टजवळून वळवली गेली असेल, तर ती दाबताना सरकते पण परत येताना अडकते. बेअरिंगला ढकलणाऱ्या रिलीज फोर्कचा बुश झिजला असेल किंवा बेअरिंग ज्या नळीवर सरकते तिला खाच पडली असेल, तरीही बेअरिंग पूर्ण मागे येत नाही. जाड फ्लोअर मॅट पेडलखाली किंवा पेडलच्या मागे अडकत असेल, तर तीही काढून पाहावी. ही बाब सांगायला किरकोळ वाटते, पण तपासायला क्षणभरही लागत नाही.

हायड्रॉलिक क्लच: तापल्यावरच घसरणारी गाडी

हायड्रॉलिक रचनेत पेडलचा जोर नळीतल्या ब्रेक फ्लुइडने क्लचपर्यंत जातो. पेडल सोडल्यावर पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरमधले एक बारीक छिद्र उघडे होते आणि नळीतला दाब टाकीकडे मोकळा होतो. पेडलचा पुशरॉड लांब जुळवला गेला, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ते छिद्र झाकलेलेच राहते. गाडी तापली की नळीतले फ्लुइड प्रसरण पावते, त्याला परत जाण्यास वाट नसते आणि ते क्लचजवळच्या स्लेव्ह सिलिंडरला ढकलत राहते. परिणामी कोणीही पेडल दाबलेले नसताना क्लच अर्धवट दाबला जातो. फ्लुइडच्या जागी चुकून खनिज तेल ओतले गेले असेल, तर रबरी सील फुगतात आणि त्याचाही परिणाम असाच होतो. जुनी रबरी नळी आतून सोलली गेली की फ्लुइड पुढे जाऊ देते, पण मागे येऊ देत नाही. बाहेरून ती अगदी धड दिसते.

याची चाचणी सोपी आणि निर्णायक आहे. गाडी घसरू लागेपर्यंत चालवावी, सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे आणि स्लेव्ह सिलिंडरवरचा ब्लीडर (फ्लुइड बाहेर काढण्याचा स्क्रू) किंचित उघडावा. पेडलला कोणी हात किंवा पाय लावू नये. फ्लुइडची चिळकांडी उडाली आणि ब्लीडर बंद करून गाडी चालवल्यावर स्लिप थांबलेली आढळली, तर दाब नळीत अडकत होता, हे सिद्ध झाले. गरम भागांजवळ हात जाणार असल्यामुळे जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा, आणि ब्रेक फ्लुइड रंग खाते, म्हणून सांडलेले लगेच पाण्याने धुवावे. त्यानंतर पुशरॉडचा मोकळेपणा, मग नळी आणि मग सिलिंडरचे सील, असा शोध घ्यावा. क्लच प्लेटशी या दोषाचा संबंध नसतो. मात्र तो दिवसेंदिवस तसाच राहिला, तर नवी प्लेट त्यात जळून जाते आणि मग दोन्ही दुरुस्त्या कराव्या लागतात.

तेल

बाहेरून सर्व ठीक असेल, तर गिअर बॉक्स उतरवावा लागतो. तो उतरला की प्लेट पुसायची किंवा हवा मारायची घाई करू नये. त्यावर दिसते ते सर्व पुरावा आहे. शिवाय जुन्या किंवा अनोळखी लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, त्यामुळे कॉम्प्रेसरची हवा मारून ती धूळ नाकातोंडात घेणे आरोग्यासही घातक आहे; ओल्या फडक्याने पुसावे.

आधी बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, आत ओल कोठे आहे ते पाहावे. फ्लायव्हीलच्या मागे, इंजिनच्या बाजूला काळे आणि पातळ तेल असेल, तर क्रँकशाफ्टचा मागचा ऑइल सील गळतो आहे. गिअर बॉक्सच्या शाफ्टभोवती ओल असेल आणि तेलाला गंधकासारखा उग्र वास येत असेल, तर ते गिअर ऑइल आहे आणि इनपुट शाफ्टचा सील बदलावा लागेल. स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या आतच असेल, तर तेथून ब्रेक फ्लुइड येऊ शकते. चौथी शक्यता बसवणाऱ्याच्या हातची असते. स्प्लाइनवर, म्हणजे प्लेट ज्या दातेरी शाफ्टवर सरकते त्या दात्यांवर, ग्रीस हवे असते ते केवळ पुसट थराएवढे. बोटभर ग्रीस भरले, तर ते फिरताना बाहेर फेकले जाते आणि लायनिंगवर आऱ्यांसारख्या रेषा उमटवते. नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून कारखान्यात लावलेला तेलाचा थर ब्रेक क्लीनरने पुसून काढायचा असतो; तो तसाच राहिला, तर पहिल्याच दिवसापासून क्लच घसरतो.

तेल लागलेले लायनिंग पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्याची पद्धत सोडून द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. लायनिंग सच्छिद्र असते, आत मुरलेले तेल वरवरच्या धुण्याने निघत नाही आणि प्लेट तापली की ते पुन्हा पृष्ठभागावर येते. प्लेट बदलणे हाच उपाय आहे.

मागचा ऑइल सील नवीन घालूनही पुन्हा गळत असेल, तर दोन गोष्टी तपासाव्यात. जुन्या सीलच्या ओठाने क्रँकशाफ्टवर बारीक खाच पाडलेली असते आणि नवा सील त्याच खाचेवर बसला, तर तो तेल धरू शकत नाही. नखाने खाच जाणवत असेल, तर सील किंचित आत किंवा बाहेर बसवता येतो का, हे पाहावे. दुसरे कारण सहसा पाहिलेच जात नाही. इंजिनच्या आत साठणारे वायू बाहेर काढणारी ब्रीदर नळी किंवा तिचा व्हॉल्व्ह तुंबला, की आतला दाब वाढतो आणि तो तेलाला सर्वांत कमजोर सीलमधून बाहेर ढकलतो. अशा गाडीत सील कितीही चांगला आणला, तरी तो टिकत नाही. ब्रीदर साफ करणे हे काही मिनिटांचे काम आहे आणि ते न केल्याने गिअर बॉक्स दुसऱ्यांदा उतरवावा लागतो.

फ्लायव्हील

या विषयात मला सर्वाधिक महत्त्वाचे वाटते ते फ्लायव्हील, कारण क्लचचे काम करताना त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. सेटमध्ये प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग नवे येते. पण प्लेटची एक संपूर्ण बाजू ज्या पृष्ठभागाला टेकते, तो पृष्ठभाग जुनाच राहतो.

उतरवलेले फ्लायव्हील उजेडात तिरके धरून पाहावे. चेहरा उमटेल इतकी काचेसारखी चकाकी, मध्येच निळसर-जांभळे डाग, त्या डागांच्या आसपास केसासारख्या बारीक भेगा आणि बोट फिरवल्यावर लागणारी गोलाकार खोलगट पट्टी, ही चार चिन्हे आहेत. पोलादावर निळा रंग साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास उमटतो, म्हणजे त्या जागी फ्लायव्हील एकदा तरी तेवढे तापलेले आहे. तेथील धातू कडक होऊन आजूबाजूपेक्षा वर उठतो, मग प्लेट त्या उंचवट्यावरच टेकते आणि उरलेला पृष्ठभाग बिनकामाचा राहतो. काढलेल्या प्लेटवर याची साक्ष स्पष्ट मिळते. नीट टेकलेल्या लायनिंगचा रंग सर्वत्र सारखा असतो. सपाट नसलेल्या फ्लायव्हीलवर चाललेल्या प्लेटवर बाहेरच्या कडेने एक अरुंद, चकचकीत कडे दिसते आणि आतला भाग कारखान्यातून आल्यासारखा कोरा, मळकट-तपकिरी राहिलेला असतो, त्यावरची छापील अक्षरेसुद्धा कधी कधी वाचता येतात. अशी प्लेट हातात असताना सेटच्या कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही.

पृष्ठभाग सपाट करून घेणे हा यावरचा उपाय आहे आणि कोल्हापुरात त्यासाठी दूर जावे लागत नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि ग्राइंडिंगची कामे पिढ्यानपिढ्या चालत आली आहेत, आणि शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग ओतणाऱ्या व घडवणाऱ्या कारखान्यांमुळे या कामाची चांगली जाण असलेले कारागीर येथे आहेत. तथापि कारागिराला काय करायचे, हे नेमके सांगितले नाही, तर अत्यंत सफाईदार कामानेही क्लच बिघडतो. त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे.

काही फ्लायव्हील पूर्ण सपाट असतात: प्लेट जेथे टेकते तो पृष्ठभाग आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट जेथे बसतात ती कड एकाच पातळीत असते. काहींमध्ये या दोन पातळ्या वेगळ्या असतात, म्हणजे प्लेट खोलगट भागात बसते आणि बोल्टची कड तिच्यापेक्षा वर असते. या दोन पातळ्यांमधले अंतर कंपनीने ठरवलेले असते. लेथवर केवळ आतला, खराब झालेला भाग कापला आणि बाहेरची कड तशीच सोडली, तर खोली वाढते, प्लेट प्रेशर प्लेटपासून दूर जाते आणि डायफ्राम स्प्रिंगला वाटते की प्लेट तेवढी झिजली आहे. डायफ्राम स्प्रिंगचा दाब प्लेट झिजताना लगेच पडत नाही. काही अंतरापर्यंत तो टिकतो, किंबहुना थोडा वाढतोही, आणि त्यानंतर झपाट्याने उतरतो. त्यामुळे जास्त कापलेल्या फ्लायव्हीलवर गाडी सुरुवातीला उत्तम चालते, लायनिंगच्या नेहमीच्या झिजेसाठी राखलेली गुंजाइश मात्र आधीच खर्च झालेली असते, आणि काही महिन्यांतच, लायनिंग धरणाऱ्या रिव्हेटच्या वर भरपूर लायनिंग शिल्लक असताना, क्लच घसरू लागतो. प्लेटची जाडी मोजल्यावर ती उत्तम भरते, म्हणून सगळे बुचकळ्यात पडतात आणि संशय पुन्हा सेटवर जातो.

म्हणून काम देताना कारागिराला स्पष्ट सांगावे की आतला पृष्ठभाग जितका कापाल, तितकीच बोल्टची कडही कापली पाहिजे आणि दोन पातळ्यांतले अंतर मॅन्युअलमध्ये दिले आहे तेवढेच राहिले पाहिजे. काम परत घेताना डेप्थ गेजने किंवा व्हर्नियरच्या मागच्या पट्टीने तीन-चार जागी हे अंतर मोजून घ्यावे. कड कापण्यापूर्वी डॉवेल पिना काढून ठेवाव्यात आणि नंतर त्या न विसरता परत ठोकाव्यात, कारण प्रेशर प्लेटला मध्यावर धरण्याचे काम त्या करतात. शक्य असेल तेथे लेथच्या टर्निंगपेक्षा सरफेस ग्राइंडिंग करून घ्यावे. टूलच्या धारेने राहणाऱ्या वलयाकार रेषा ग्राइंडिंगमध्ये राहत नाहीत. फ्लायव्हील परत बसवल्यावर डायल गेज लावून ते फिरवून पाहावे. बहुतेक गाड्यांत ०.१ ते ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त लचक (फिरताना होणारी डगमग) चालत नाही. किमान जाडीची मर्यादा ओलांडली असेल किंवा भेगा खोल असतील, तर फ्लायव्हील नवीनच घ्यावे. आणि गाडीला ड्युअल मास फ्लायव्हील असेल, तर ते लेथवर नेण्याचा विचारच करू नये. त्याच्या आत स्प्रिंगा आणि ग्रीस असते, त्याची तपासणी आणि बदली कंपनीच्या पद्धतीनेच होते.

जोडणीतल्या चुका

पैसे वाचवण्यासाठी केवळ प्लेट बदलून जुनी प्रेशर प्लेट परत बसवणे ही सर्वांत साधी चूक आहे. अनेक वर्षे तापलेल्या डायफ्रामचा दाब कमी झालेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. दुसरी चूक बोल्ट आवळण्यात होते. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळले, तर प्रेशर प्लेटचे कव्हर वाकडे होते. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत न्यावेत आणि शेवटी टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला आणावेत. प्लेटच्या कोणत्या बाजूला फ्लायव्हील यायचे, हे तिच्यावरच लिहिलेले असते. प्लेट उलटी बसली, तर तिच्या हबचा उंच भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो आणि लायनिंग पूर्ण टेकत नाही. एकाच नावाच्या गाडीच्या पेट्रोल आणि डिझेल रूपांत प्लेटचा व्यास वेगळा असू शकतो, म्हणून दुकानात गाडीचे नाव सांगण्याऐवजी चासिस क्रमांकावरून भागाचा क्रमांक काढावा, आणि नवी प्लेट बसवण्यापूर्वी जुनीवर ठेवून व्यास व स्प्लाइनचे दात जुळवून पाहावेत.

स्वतः झीज भरून काढणाऱ्या प्रेशर प्लेट काही गाड्यांत येतात. त्या विशेष टूलने दाबून बसवाव्या लागतात. साध्या प्रेशर प्लेटसारख्या बोल्टने ओढून बसवल्या, तर आतले जुळवणीचे कडे पुढे सरकते आणि स्प्रिंग चुकीच्या जागी काम करू लागते. क्लच पेडल नसलेल्या एएमटी (स्वतः गिअर बदलणाऱ्या) गाड्यांत आणखी एक पायरी आहे. आपल्याकडे २०१४ मध्ये मारुती सेलेरिओपासून या गाड्या आल्या आणि आता कोल्हापुरात त्या पुष्कळ दिसतात. त्यांत क्लच दाबण्या-सोडण्याचे काम यंत्रणा करते, आणि नवी प्लेट कोठे धरते, हे तिला स्कॅनर लावून शिकवावे लागते. हे लर्निंग केले नाही, तर यंत्रणा जुन्या, झिजलेल्या प्लेटच्या हिशेबानेच क्लच सोडत राहते आणि गाडी धक्के देते किंवा घसरते. येथे काहीही न खोलता दुरुस्ती होते.

२०१९ च्या ऑगस्टमधील आणि २०२१ च्या जुलैमधील पंचगंगेच्या महापुरात ज्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, त्या आता वापरलेल्या म्हणून विकत घेताना बेल हाउसिंगची विशेष चौकशी करावी. तेथे गेलेला गाळ बाहेरून धुतला जात नाही. तो फोर्कच्या बुशात आणि बेअरिंगच्या नळीवर बसून राहतो आणि नव्या सेटचे बेअरिंगही त्यावर अडकते.

बसवल्यानंतरचे दिवस

गिअर बॉक्स बंद करण्यापूर्वी काढलेली प्लेट आणि फ्लायव्हील मालकाने स्वतः पाहावे, मोबाइलवर त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि जुने भाग परत मागून घ्यावेत. चांगल्या मेस्त्रींना याचा राग येत नाही; उलट तेच बोट ठेवून दाखवतात. पुढे वॉरंटीचा प्रश्न आला, तर ही छायाचित्रेच उपयोगी पडतात.

नवे लायनिंग पूर्ण टेकेपर्यंत साधारण ५०० किलोमीटर गाडी बेताने चालवावी. शहरातले चालवणे यासाठी उत्तम, कारण त्यात क्लच वारंवार पण हलका वापरला जातो. या काळात आंबा घाट किंवा करूळ घाट भरलेल्या गाडीने चढू नये, दुसरे वाहन ओढू नये, आणि ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे चढावर अडकल्यास हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याऐवजी हँडब्रेक लावून न्यूट्रल करावे. पहिल्या दिवशी हलका वास येणे चिंतेचे नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही येत राहिला, तर गाडी चालवणे थांबवून पेडलपासून पुन्हा तपासणी सुरू करावी. पाचशे किलोमीटर झाल्यावर केबलच्या गाडीचा फ्री प्ले पट्टी लावून मोजावा आणि कमी झाला असल्यास जुळवून घ्यावा. हायड्रॉलिक गाडीत टाकीतील फ्लुइडची पातळी पाहावी. त्यानंतर चौथ्या गिअरची चाचणी पुन्हा एकदा करावी, पण ती सपाट रस्त्यावर न करता, मागे दोघांना बसवून, पन्हाळ्याच्या चढावर करावी.